रॉली-कॅरी परिसरात राहायला येताना भाग कसा निवडावा?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एडिसनहून येत्या जून-जुलैत नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीच्या बाजूला मुक्काम हलवायचा आहे. नोकऱ्या ठरल्या, घर कुठे ते ठरत नाही.

माझं ऑफिस आरटीपीत (रिसर्च ट्रायँगल पार्क, इथला ऑफिसांचा पट्टा), आठवड्यातून तीन दिवस. नवऱ्याची नोकरी होली स्प्रिंग्जला औषधांच्या कारखान्यात, ती रोजची. मोठी मुलगी चौथीत जाईल, धाकटा १२ सप्टेंबरला पाच पूर्ण करेल. सासू-सासरे वर्षातले पाच-सहा महिने आमच्याकडे असतात, दोघंही गाडी चालवत नाहीत. बजेट साधारण सहा लाख डॉलर, टाउनहाउस (शेजाऱ्याशी भिंत जोडलेलं रांगेतलं घर) चालेल.

जो तो "मॉरिसव्हिल बघा" म्हणतो. का, असं विचारलं की "आपली लोकं खूप आहेत" एवढंच. नुसतं नाव नको, भाग निवडायचा कसा ते सांगा.

पुणेरी_पाटी

मॉरिसव्हिल बघा. आपली लोकं खूप आहेत.

(गमतीत घ्या. जाणकार येईपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

नकाशावाला

सगळ्यात आधी डोक्यातून गावांची नावं काढून टाका. इथे गाव निवडायचं नसतं, पत्ता निवडायचा असतो. कारण एका घराला तीन वेगवेगळ्या ओळखी असतात आणि त्या जुळतीलच असं नाही: टपालाच्या पत्त्यातलं गाव, ज्या टाउनला कर भरता ते गाव, आणि कौंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी). टपालात "एपेक्स" लिहिलेली कित्येक घरं प्रत्यक्षात कॅरी टाउनच्या हद्दीत आहेत. जॉर्डन लेककडच्या कॅरीचा काही भाग वेक कौंटीत नसून चॅटम कौंटीत आहे, म्हणजे शाळांचा जिल्हाच वेगळा. मॉरिसव्हिलचा छोटा तुकडा डरहम कौंटीत जातो. ब्रायर क्रीक बोलताना सगळे वेगळं गाव असल्यासारखं बोलतात, ते रॉली शहरातच आहे. काही घरं कुठल्याच टाउनमध्ये नाहीत, नुसत्या कौंटीत. तिथे टाउनचा कर नाही, पण विहीर आणि सेप्टिक टँक असण्याची शक्यता मोठी.

म्हणून यादीतल्या प्रत्येक घरासाठी वेक कौंटीचं आयमॅप्स हे नकाशाचं संकेतस्थळ उघडा. फुकट आहे. पत्ता टाकला की टाउनची हद्द, झोनिंग (तिथे काय बांधता येतं), मालक, शेवटची विक्री, सगळं दिसतं. मग नकाशा थोडा लहान करून शेजारच्या मोकळ्या जागांवर क्लिक करा. एजंट "मागे मस्त झाडी आहे" म्हणतो ती झाडी कोणाची, हे तिथे कळतं. टाउनची किंवा एचओएची (कॉलनीतल्या घरमालकांची संस्था) असेल तर राहील. मालक एखादी डेव्हलपमेंट कंपनी निघाली तर दोन-तीन वर्षांत तिथे तीन मजली टाउनहाउसची रांग उभी राहील. प्रत्येक टाउनच्या संकेतस्थळावर मंजूर आणि विचाराधीन प्रकल्पांचा नकाशाही असतो, तो याच्या जोडीला बघा.

कॉलनीतला रस्ता अचानक संपतो आणि तिथे लाल-पांढरी आडवी पट्टी दिसते ना, तो शेवट नसतो. पुढची कॉलनी झाली की तो रस्ता जोडला जातो आणि शांत कोपऱ्यातलं घर वाहत्या रस्त्यावर येतं.

पुराचं वेगळं बघा. राज्याचा एफआरआयएस नावाचा नकाशा आहे, त्यात पत्ता टाकला की एई झोन, म्हणजे पुराचा मोठा धोका असलेला भाग, कुठपर्यंत आहे ते दिसतं. घराची इमारत एई मध्ये असेल तर बँक पूरविमा घ्यायला लावते. रॉलीत क्रॅबट्री क्रीकच्या काठाने, विशेषतः क्रॅबट्री मॉलच्या आसपास, पाणी चढतं हे जुनंच आहे. जुलै २०२५ मध्ये शँटाल वादळाच्या पावसाने डरहमला ईनो नदीने आणि चॅपल हिलमध्येही बराच धुमाकूळ घातला.

ओढ्याच्या बाजूचा प्लॉट असेल तर अजून एक. नूस नदीच्या खोऱ्यात ओढ्यापासून ५० फूट बफर, म्हणजे मोकळा झाडीचा पट्टा, राखावा लागतो. त्यातले आतले ३० फूट तर जवळपास हात लावायचा नाही असेच. मागचं अंगण कागदावर मोठं दिसतं, प्रत्यक्षात डेक किंवा हिरवळ करायला मिळत नाही. उलट बाजूने, त्या बफरमध्ये दुसराही कोणी बांधू शकत नाही. म्हणजे ही झाडी खरी.

टोलनाका

नकाशावाल्यांशी सहमत, पण पहिली चाळणी प्रवासाची लावा. दोन नोकऱ्या दोन टोकांना आहेत.

"आरटीपी" हा एक पत्ता नाही. १९५९ साली वसवलेला सुमारे ७,००० एकरांचा पट्टा आहे, डरहम आणि वेक दोन्ही कौंटीत पसरलेला. ऑफिस डेव्हिस ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला आहे की आय-४० च्या पलीकडे उत्तरेला, यावरून रोजची पंधरा-वीस मिनिटं इकडची तिकडे होतात. आधी इमारतीचा पत्ता मिळवा.

इथला कणा म्हणजे ५४० महामार्ग. उत्तरेकडचा भाग आय-५४० म्हणून फुकट. मॉरिसव्हिलपासून दक्षिणेला कॅरी, एपेक्स, होली स्प्रिंग्जकडे जाणारा एनसी-५४० टोलचा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो होली स्प्रिंग्जपासून पुढे गार्नरजवळ आय-४० पर्यंत जोडला गेला. सकाळचा लोंढा दक्षिणेकडून उत्तरेला, म्हणजे होली स्प्रिंग्ज आणि एपेक्सकडून आरटीपीकडे असतो. तुमचे यजमान उत्तरेला राहिले तर रोज लोंढ्याच्या उलट दिशेने जातील. तुम्ही दक्षिणेला राहिलात तर दोघांपैकी एक, म्हणजे तुम्ही, लोंढ्यात अडकणार.

म्हणून ५४० ला लागून मधला पट्टा शोधा. मॉरिसव्हिल पार्कवे, ग्रीन लेव्हल वेस्ट रोड आणि यूएस-६४ या तीन एक्झिटपासून पाच-सात मिनिटांच्या आत. हायवे ५५ आणि डेव्हिस ड्राइव्हच्या भरवशावर घर घेऊ नका. सिग्नल मोजत बसाल.

गूगल नकाशात "साडेआठला पोहोचायचं" असं टाकून मंगळवार-बुधवारचा वेळ बघा, सोमवार-शुक्रवारचा नको. हायब्रिड ऑफिसं मधल्या तीन दिवसांत भरतात. टोलचा महिन्याचा खर्च एनसी क्विक पास या इथल्या टोलपासच्या संकेतस्थळावर एक्झिट टाकून काढता येतो. तो घराच्या हप्त्यात धरा.

शेवंती

शाळांबद्दल लिहिते, कारण न्यू जर्सीहून येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. तिकडे शाळा गावाची असते. इथे अख्ख्या वेक कौंटीचा एकच जिल्हा आहे, राज्यातला सगळ्यात मोठा. "कॅरीच्या शाळा" असं काही प्रशासकीयदृष्ट्या नाहीच. तुमच्या पत्त्याला एक बेस शाळा मिळते आणि तीही कायमची नसते. नव्या शाळा उघडल्या की हद्दी बदलतात.

पत्ता टाकून बेस शाळा बघायची सोय जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आहे. घरं विकणाऱ्या साइटवर दिसणारी शाळा धरू नका, बिल्डरच्या माहितीपत्रकातली तर मुळीच नको.

बेस शाळा कळली तरी काम संपत नाही. ती "कॅप" आहे का ते विचारा. भरलेल्या शाळेला जिल्हा कॅप लावतो. मग त्या हद्दीत नंतर राहायला आलेल्यांच्या मुलांना ओव्हरफ्लो शाळा मिळते आणि बेस शाळेसाठी प्रतीक्षायादी. घराच्या खिडकीतून शाळा दिसते आणि बस मात्र दुसरीकडे नेते, हे पश्चिम कॅरी-एपेक्सच्या वाढत्या भागात होऊ शकतं. ओव्हरफ्लो शाळा कोणती आहे तेही आधीच बघा. कित्येकदा ती उत्तम असते, फक्त लांब असते.

मग कॅलेंडर. प्राथमिक आणि मिडल शाळांपैकी बऱ्याच इयर-राउंड आहेत: मुलांचे चार ट्रॅक, साधारण ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी, आणि कुठल्याही वेळी तीन ट्रॅक आत, एक बाहेर. वर्ष जुलैच्या सुरुवातीच्या आठवड्यांत सुरू होतं. हायस्कुलं बहुतेक पारंपरिक, ऑगस्टअखेर सुरू होणारी. दोघं नोकरी करत असाल तर दर ट्रॅक-आउटला, म्हणजे मुलांचा ट्रॅक सुट्टीवर असताना, तीन आठवडे मुलांचं काय, हे आत्ताच ठरवा. ट्रॅक-आउट कॅम्प मिळतात, पण चांगले लवकर भरतात. तुमच्याकडे आजी-आजोबा सहा महिने आहेत. त्यांचं येणं ट्रॅकच्या वेळापत्रकाशी जुळवता आलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

आणि तारखांकडे लक्ष द्या. न्यू जर्सीची शाळा जूनअखेर संपते. इथे इयर-राउंड शाळा मिळाली तर मुलीला जेमतेम दोन आठवड्यांची सुट्टी मिळेल. जुलैच्या मध्यात पोहोचलात तर वर्ष सुरू झालेलं असेल.

धाकट्याचं वेगळं आहे. नॉर्थ कॅरोलायनात किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीचं वर्ष) ३१ ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण लागतात. १२ सप्टेंबरवाला एक वर्ष थांबेल. न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी १ ऑक्टोबर चालतो, त्यामुळे हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि वर्षभराच्या प्रीस्कूलचा खर्च अंगावर येतो.

अनुस्वार

शेवंतीताई, वयाच्या नियमाला अपवाद नाही का?

शेवंती

आहेत, दोन. दुसऱ्या राज्यात तिथल्या कायद्याप्रमाणे मूल आधीच शाळेत जात असेल आणि मग कुटुंब इथे आलं, तर त्याला इथे घेतलं जातं. म्हणजे धाकट्याने सप्टेंबरमध्ये तिकडे किंडरगार्टन सुरू केलं आणि तुम्ही नंतर आलात तर प्रश्नच नाही. जूनमध्ये आलात तर हा मार्ग बंद. दुसरा अपवाद अतिशय पुढे असलेल्या मुलांसाठी. चाचणीत ९८ वा पर्सेंटाइल आणि बाकी कागदपत्रं लागतात. त्यावर बेत आखू नये.

खडूस_काका

शाळांच्या रेटिंगमधल्या दहापैकी दहाच्या मागे धावून लोक पन्नास-साठ हजार जास्त मोजतात आणि मग मुलाला ओव्हरफ्लोला पाठवतात. शेवंतीताईंनी सांगितलंच आहे. ते आकडे मुख्यतः परीक्षेच्या गुणांवरून येतात, आणि ते गुण शाळेइतकेच आईबापांच्या शिक्षणाचे असतात. मॅग्नेटसाठी (खास विषयांच्या, हद्दीबाहेरच्या मुलांनाही घेणाऱ्या सरकारी शाळा) अर्ज करता येतो. एनलो हायस्कूलसारखी नावाजलेली मॅग्नेट शाळा रॉलीच्या जुन्या भागात आहे, जिथे आपली मंडळी घर बघायलाही जात नाहीत.

कराचं बोलतो. वेक कौंटीत दर १०० डॉलरला पन्नास-बावन्न सेंट कौंटीचे, वर टाउनचे तीस-चाळीस सेंट. कॅरीसारख्या ठिकाणी दोन्ही मिळून ८५ सेंटच्या आसपास धरा. म्हणजे सहा लाखांच्या घराला वर्षाला साधारण ५,१०० डॉलर. एडिसनच्या बिलाची सवय असलेल्याला हे फुकट वाटेल. पण मूल्यांकन ठराविक वर्षांनी नव्याने होतं. २०२४ मध्ये वेकचं झालं तेव्हा जुन्या घरांची मूल्यं कुठल्या कुठे गेली. विकणाऱ्याचं गेल्या वर्षीचं बिल बघू नका, सध्याचं मूल्य आणि सध्याचा दर घेऊन स्वतः गुणाकार करा. डरहममध्ये दोन्ही मिळून वेकपेक्षा जास्त, चॅपल हिलमध्ये शाळांचा वेगळा जिल्हा-कर आहे म्हणून आणखी वर.

राज्याचा आयकर सरसकट एकाच दराने, २०२६ साठी ३.९९ टक्के. आणि गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर, नोंदणीच्या बिलातच. ते पहिलं पत्र आलं की न्यू जर्सीकर दचकतात.

पुणेरी_पाटी

काका, पूर्वाभिमुख घराचा कर वेगळा लागतो का? किंमत तर वेगळी लागते.

घरघर

पाटीसाहेब, चेष्टा नाही. मॉरिसव्हिल-पश्चिम कॅरीत पूर्वाभिमुख टाउनहाउसवर बिल्डर सरळ लॉट प्रीमियम, म्हणजे त्या जागेचे जादा पैसे, लावतात, कारण घेणारे आहेत. वास्तू मानत नसाल तर पश्चिमाभिमुख युनिट घ्या आणि भावात घासाघीस करा. फक्त मागची बाजू पूर्वेला येते की नाही ते बघा. उन्हाळ्यात संध्याकाळी डेकवर सावली मिळते, ती इथे वास्तूपेक्षा उपयोगी.

आता जमिनीबद्दल. डरहम, मॉरिसव्हिल, पश्चिम कॅरी, पश्चिम एपेक्स हा पट्टा ट्रायासिक खोऱ्यात येतो. चिकणमाती, ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, पाणी जिरत नाही. रॉलीच्या पूर्व-उत्तर बाजूला ग्रॅनाइट आहे, तिथे हा त्रास कमी पण रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) तपासावा. मोजणी लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आली तर वायू बाहेर काढणारा पंखा-पाइप बसवून घ्यायचा.

चिकणमातीच्या भागात घर बघताना पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. मागच्या अंगणात पाणी उभं आहे का, पन्हाळीचं पाणी पायापाशीच पडतं का, हे बघा. घरापासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच तरी उतरती हवी. दारं अडकणं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाणं, विटांच्या भिंतीत जिन्यासारखी भेग, यापैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर होम इन्स्पेक्टरवर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

१९९० च्या आसपासची घरं स्वस्त आणि प्लॉट मोठे म्हणून आवडतात. कॅरीच्या जुन्या कॉलन्यांत ती भरपूर आहेत. त्यांत तीन गोष्टी. एक, क्रॉलस्पेस, म्हणजे घराखालची बुटकी पोकळी. खाली सरपटत जाऊन बघणारा इन्स्पेक्टर हवा. दाराशी बसून टॉर्च मारणारा नको. जमिनीवर प्लास्टिकचा थर पूर्ण आहे का, लाकडावर बुरशी आहे का, इन्सुलेशन लोंबतंय का. इथल्या दमट उन्हाळ्यात उघड्या झरोक्यांतून ओलावा आत येतो, म्हणून लोक पुढे ती जागा बंदिस्त करून डीह्युमिडिफायर बसवतात. तो खर्च हजारांत जातो. दोन, राखाडी रंगाचे पॉलिब्युटिलीन पाइप, १९७८ ते १९९५ दरम्यानचे. त्यांवर पीबी२११० असा शिक्का असतो. हे आतून झिजून अचानक फुटतात, विमा कंपन्या कां-कूं करतात. तीन, सिंथेटिक स्टको, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचा कृत्रिम गिलावा. भिंतीत पाणी शिरलं तर बाहेर पडत नाही, आतली लाकडं कुजतात. त्यासाठी ओलाव्याची वेगळी चाचणी असते.

नवी घरं बहुतेक थेट काँक्रीटच्या स्लॅबवर, म्हणून क्रॉलस्पेसची चिंता नाही. पण गॅरेजवरची बोनस रूम जुलैत भट्टी होते. त्या खोलीला एसीचा वेगळा झोन आहे का विचारा.

डरहमची_डरकाळी

इतका वेळ वाचतेय, डरहमचं नाव आलं की फक्त कर आणि पूर. जरा थांबा. आरटीपीचा मोठा भाग डरहम कौंटीतच आहे. साउथपॉइंटच्या बाजूचं दक्षिण डरहम घेतलं तर आय-४० न धरता ऑफिस गाठता येतं. त्याच बजेटमध्ये थोडं मोठं घर, अमेरिकन टोबॅको ट्रेल पायाखाली, जेवणखाण तर कॅरीच्या दोन पावलं पुढे. शाळांत चार्टर (सरकारी पैशावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आणि मॅग्नेटची लॉटरी लागते, ती मान्य. आणि अकरावी-बारावीसाठी राज्याची निवासी विज्ञान-गणित शाळा इथेच आहे, अर्थात तिथे राज्यातलं कुणीही अर्ज करू शकतं.

मात्र धागाकर्तीच्या यजमानांना डरहमहून होली स्प्रिंग्ज रोज जड जाईल. तेवढ्यापुरती माघार.

खडूस_काका

डरकाळीची माघार! तारीख लिहून ठेवा.

मोगरा

सासू-सासऱ्यांचा मुद्दा कोणी धरलाच नाही. गाडी न चालवणाऱ्या माणसाला इथली बहुतेक उपनगरं म्हणजे गोड तुरुंग. ग्रीनवे (झाडीतल्या चालण्या-सायकलच्या वाटा) सुंदर आहेत, पण दूध आणायला उपयोगाचे नाहीत. "अमुक दुकान १.२ मैल" हे फसवं असतं. मधल्या सहापदरी रस्त्याला फुटपाथ एकाच बाजूला आणि चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल नाही असं निघतं. नकाशात चालण्याचा मार्ग टाका आणि मग स्ट्रीट व्ह्यूमध्ये तो सबंध मार्ग बघा. जुलैच्या दुपारी दहा मिनिटांपेक्षा जास्त चालणं ज्येष्ठांना जमत नाही, हे धरून अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढा.

इथे मात्र मॉरिसव्हिलला खरे गुण आहेत. हिंदू सोसायटीचं मंदिर एव्हिएशन पार्कवेवर, देशी किराणा आणि खाणावळी पसरलेल्या, आणि टाउनची स्मार्ट शटल ही छोटी बससेवा फुकट आहे. फोनवरून बोलवायची, पण ती दारात येत नाही. ठरलेल्या थांब्यांमध्येच चालते. म्हणून थांब्यापासून चालत येण्याजोगं घर शोधा. टाउनच्या संकेतस्थळावर थांब्यांचा नकाशा आहे. चर्च स्ट्रीट पार्कला क्रिकेटचं मैदान आहे, २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. सासऱ्यांची संध्याकाळ लागली मार्गी. कॅरीत बालाजी मंदिर आहे, पण तिथे बहुतेकांना गाडीच लागते.

दुसरं, आत वरच्या मजल्यावरच सगळ्या खोल्या असलेली तीन मजली टाउनहाउस टाळा. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर, तळाला गॅरेज, गुडघ्यांना रोज दोन जिने. तळमजल्यावर खोली आणि पूर्ण बाथरूम असलेला आराखडा मागा. शॉवरशिवायचं अर्धं बाथरूम पुरत नाही.

टोलनाका

मोगरा +१. मॉरिसव्हिलच्या वजाबाकीही मांडतो. विमानतळ लागून आहे, धावपट्ट्या नैऋत्य-ईशान्य आहेत, त्यामुळे विमानांची रांग एका बाजूला मॉरिसव्हिल-पश्चिम कॅरीवरून आणि दुसऱ्या बाजूला ब्रायर क्रीककडून जाते. विमानतळाचे आवाजाचे नकाशे आहेत, ते बघाच. एकदा पहाटे, एकदा रात्री दहानंतर घरासमोर अर्धा तास उभे राहा. दुसरं, हायवे ५४ ला समांतर रेल्वे जाते. मालगाड्या आणि प्रवासी गाड्या दोन्ही, फाटकाशी भोंगा वाजतो. फाटकाच्या पलीकडे शाळा आणि अलीकडे घर असं असेल तर सकाळ कठीण.

अनुस्वार

दक्षिणेकडचं काही? एपेक्स-होली स्प्रिंग्जमध्ये अणुवीज प्रकल्प आहे म्हणून सासरची मंडळी घाबरतात.

नकाशावाला

शिअरन हॅरिस, न्यू हिलला, १९८७ पासून चालू, एकच अणुभट्टी. भोवती दहा मैलांचं आपत्कालीन नियोजन क्षेत्र आहे. त्यात एपेक्स, होली स्प्रिंग्ज, फ्यूक्वे-व्हरीना आणि कॅरीचा काही भाग येतो. भोंग्यांची अधूनमधून चाचणी होते, आयोडाइडच्या गोळ्या कौंटी फुकट देते. घराच्या भावावर याचा परिणाम दिसत नाही. रोजच्या जगण्यात जास्त लक्षात येईल तो कौंटीचा कचरा डेपो, एपेक्स-होली स्प्रिंग्जच्या सीमेवर हायवे ५५ जवळ. दोन मैलांच्या आत घर बघत असाल तर वारा पडलेल्या दमट सकाळी जाऊन नाकानेच खात्री करा.

पुणेरी_पाटी

फ्यूक्वे-व्हरीना नीट उच्चारता आलं की तिथलं मतदान कार्ड मिळतं म्हणे.

अवांतर: मार्चअखेर पाइनचा पिवळा पराग उडतो. काळी गाडी घेऊन येऊ नका. आणि दारू फक्त सरकारी एबीसी दुकानात, ती रविवारी बंद. बिअर-वाइन किराणा दुकानात मिळते. शनिवारी शहाणे व्हा.

घरघर

अवांतर पुरे, पैशाची गोष्ट राहिली. नॉर्थ कॅरोलायनात घर घेताना ऑफरसोबत दोन वेगळ्या रकमा असतात आणि न्यू जर्सीकर त्या एकच समजतात.

ड्यू डिलिजन्स फी (घर तपासायला मिळणाऱ्या मुदतीची किंमत) थेट विकणाऱ्याच्या हातात जाते आणि परत मिळत नाही. व्यवहार पूर्ण झाला तर किमतीत वळती होते. अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाणा, एस्क्रोमध्ये (त्रयस्थाच्या खात्यात) राहते. ड्यू डिलिजन्सची मुदत संपायच्या आत, करारात लिहिलेल्या तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी माघार घेतली तर तेवढी परत मिळते. पाच वाजून पाच मिनिटांनी तीही गेली. २०२१-२२ मध्ये लोकांनी ही फी दहा-दहा हजारांच्या पटीत दिली. आता बाजार तसा नाही, तेव्हा एजंटच्या घाईला बळी पडू नका.

मुदतीत काय काय बसवायचं: होम इन्स्पेक्शन पहिल्या तीन-चार दिवसांत, त्याच फेरीत वाळवी आणि रेडॉन, जुन्या घराला क्रॉलस्पेस, सेप्टिक असेल तर तो उपसून तपासणी, जमिनीची मोजणी, आणि बँकेचं मूल्यांकन. दुरुस्तीची बोलणी शेवटच्या पाच दिवसांसाठी राखा. एचओएची कागदपत्रंही याच मुदतीत वाचा: राखीव निधी किती, छत आणि बाहेरचे रंगकाम कोणाकडे, भाड्याने देण्यावर मर्यादा आहे का, खास वसुली चालू आहे का. टाउनहाउसची महिन्याची वर्गणी कमी आणि इमारती वीस वर्षांच्या असतील तर छपरांचा पैसा कुठून येणार, हा प्रश्न विचारा.

नव्या बांधकामात हा करार नसतोच. बिल्डरचा स्वतःचा करार, ठेव बहुधा परत न मिळणारी, तारीख त्याच्या सोयीने पुढे जाणारी. तरी स्वतःचा इन्स्पेक्टर न्या: ड्रायवॉल लावायच्या आधी एकदा, ताबा घेण्याआधी एकदा, आणि वर्षाची वॉरंटी संपण्याआधी अकराव्या महिन्यात एकदा. क्लोजिंग, म्हणजे घर नावावर होण्याचा शेवटचा व्यवहार, वकिलाकडे होतं.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. आता दोन पर्याय उरले आहेत. एक, मॉरिसव्हिलमध्ये बारा वर्षांचं टाउनहाउस, तळाला खोली-बाथरूम आहे, शटलचा थांबा चालत सहा मिनिटं, रेल्वे पाव मैलावर. दोन, पश्चिम एपेक्समध्ये यूएस-६४ च्या अलीकडे नवं बांधकाम, ताबा ऑक्टोबरमध्ये म्हणतात. कसं करावं?

खडूस_काका

ऑक्टोबर म्हणजे जानेवारी. बिल्डरच्या दिनदर्शिकेत.

शेवंती

ऑक्टोबरच्या ताब्यात मुलीची शाळा दोनदा बदलेल: भाड्याच्या पत्त्यावर एक, घराच्या पत्त्यावर दुसरी. तो पर्याय घ्यायचाच असेल तर भाड्याचं घर त्याच बेस शाळेच्या हद्दीत शोधा, आणि नव्या पत्त्याला कॅप आहे का ते आज विचारा. जिल्ह्याच्या विद्यार्थी-नेमणूक कार्यालयाला पत्ता देऊन ईमेल करा, लेखी उत्तर ठेवा. नोंदणीसाठी भाडेकरार किंवा क्लोजिंगचे कागद चालतात, नुसता बिल्डरचा करार चालेल का ते विचारून घ्या.

घरघर

मॉरिसव्हिलच्या घरात बारा वर्षं म्हणजे एसी-हीटिंगचं यंत्र आणि वॉटर हीटर दोन्ही शेवटाकडे आले. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवरून उत्पादनाचं वर्ष काढा आणि दुरुस्तीऐवजी किमतीत सूट मागा. मधलं युनिट असेल तर शेजारच्या भिंतीतून आवाज किती येतो तेही बघा, शेजारी घरी असताना.

टोलनाका

तुमच्या दोन नोकऱ्या आणि दोन ज्येष्ठ धरले तर माझं मत मॉरिसव्हिलला, पण पाव मैलावरच्या रेल्वेची रात्र एकदा ऐकून. यजमान रोज उलट दिशेने जातील आणि तुमचं ऑफिस जवळ. एपेक्सवाल्या घरात गाडीशिवाय सासू-सासऱ्यांचं कठीण.

मोगरा

आणि एक वर्ष भाड्याने राहणार असाल तर करार बारा महिन्यांचाच घेऊ नका. जूनमध्ये संपेल असा दहा-अकरा महिन्यांचा मागा, म्हणजे इयर-राउंड शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत हलता येईल. मोठ्या अपार्टमेंटवाल्यांकडे महिन्यांनुसार वेगळे दर असतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट दाखवावं लागतं, नव्या नोकरीचं ऑफर लेटर सोबत ठेवा.

तळ्यातमळ्यात

मॉरिसव्हिलच्या घराची रात्रीची फेरी पुढच्या शुक्रवारी. शाळेला ईमेल आत्ताच केला. एक बारकं विचारायचं राहिलं: टोलसाठी आमचा न्यू जर्सीचा इझीपास चालेल का, आणि लायसन्सचं, गाड्यांचं काय?

टोलनाका

इझीपास चालतो. पासच नसेल तर नंबरप्लेटवरून घरी बिल येतं, ते बरंच जास्त. इथे स्थायिक झाल्यावर ६० दिवसांत लायसन्स बदला. गाडी नव्वद दिवसांहून जास्त तिकडे तुमच्या नावावर असेल तर हायवे यूज टॅक्स (गाडी इथे नावावर करताना लागणारा कर) २५० डॉलरपेक्षा जास्त लागत नाही, म्हणून नवी गाडी घ्यायची असेल तर निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. डीएमव्हीची (इथलं आरटीओ) वेळ आजच राखून ठेवा, आठवडे-आठवडे मिळत नाही.